तीन खुर्च्या आणि बारावं पाकीट

खेळांच्या दुकानात लहान मुलांच्या बाहुल्या-मोटारी संपतात आणि मोठ्या माणसांचे चपटे, जड डबे सुरू होतात, तिथे एका उंच स्टुलावर ती बसते. सगळे तिला खेळताई म्हणतात. साठीला टेकलेली, चष्मा दोरीने गळ्यात, आणि जीभ अशी की दुकानाचा मालकसुद्धा तिच्याशी बोलताना दोन पावलं लांब उभा राहतो. दुकान त्याचं असलं तरी मागची भिंत हिची आहे, हे त्याला बावीस वर्षांपूर्वीच कळून चुकलंय.

"घरी मंडळी जमायची आहेत, मोठ्यांसाठी एखादा चांगला खेळ द्या," म्हणत कोणी आलं की ती डब्यांकडे बघतच नाही. माणसाकडे बघते.

"किती जण?"

"सहा."

"टेबल केवढं?"

"चौघांचं."

"म्हणजे दोघं मांडीवर बसणार. बरं. जेवणाआधी खेळणार की जेवण झाल्यावर?"

"जेवण झाल्यावर."

"मग फार डोक्याचा नको. एक जण पेंगेल आणि त्याची बायको त्याला कोपर मारत बसेल. आता खरं सांगा, हरल्यावर रुसतं कोण?"

इथे नवरा हमखास हसतो आणि बायकोकडे बघतो. बायको हसत नसते. "समजलं," असं म्हणून खेळताई डबा काढते, आणि तो डबा बरोबर असतो. मी तिच्याकडून आजवर नऊ डबे नेले. एकावरूनही घरात भांडण झालं नाही. माझ्या घरात ही साधी गोष्ट नाही, माझा मेहुणा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटेल.

तिचे ठोकताळे साधे होते. ज्या खेळात पहिल्या अर्ध्या तासात कोणी बाद होतं तो घरगुती मंडळींना द्यायचा नाही, कारण बाद झालेला माणूस उठून स्वयंपाकघरात जातो आणि तिथे जे बोलून येतो ते वर्षभर पुरतं. सगळ्यात हुशार माणसाच्या हातात नियमांचं पुस्तक द्यायचं नाही, तो वकील होतो. पहिला डाव कच्चा, सगळ्यांचे पत्ते उघडे. आणि शेवट कोणालाही सांगायचा नाही, त्यात मालकाच्या बायकोलाही सूट नव्हती. काही खेळांत बंद पाकिटं असतात. दर बैठकीला एक फोडायचं, त्यात निघेल तसं पुढे खेळायचं. पत्ते खरोखर फाडायचे, पटावर शाईने खुणा करायच्या. बारा बैठका झाल्या की खेळ संपला, परत खेळता येत नाही. असे खेळ ती विकायच्या आधी स्वतः शेवटापर्यंत खेळून बघायची. लोक विचारायचे, "शेवटी काय होतं हो?" उत्तर ठरलेलं: "खेळून बघा." न फोडलेलं पाकीट म्हणजे तिला दुकानाची अब्रू वाटायची.

आता तिच्या घराबद्दल. अर्धं मला तिने सांगितलंय आणि अर्धं तिच्या दादाने, न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण असताना. माणूस त्या अवस्थेत फारसं खोटं बोलत नाही.

तिघं भावंडं. दादा शाळेत ड्रॉइंगमास्तर होता, आता निवृत्त. पट्टी घेतल्याशिवाय पावाला लोणी लावणार नाही असा माणूस. धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, सतत घाईत, सतत हसत, हाताला ग्रीस. मध्ये ही. वडील गेले तेव्हा मागे एक जेवणाचं टेबल, तीन खुर्च्या आणि एक नियम ठेवून गेले. लहानपणी दोघं मिळून तिसऱ्याला वगळून डाव मांडायचे आणि मग घर डोक्यावर घ्यायचे, म्हणून बापाने दम भरला होता: तिन्ही खुर्च्या भरल्याशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही. पन्नास वर्षं हा नियम टिकला. टेबल खेळताईच्या घरी आलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, तिघं.

खेळ तीच निवडायची, आणि हे काम दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा अवघड. सोपा खेळ असला तर दादा म्हणायचा, "हे शाळेत शिकवायचो मी, पाचवीला." अवघड असला तर धाकटा दुसऱ्या पानावर नियम सोडून सोंगट्यांचे मनोरे रचायचा. एकदा तिने देवघेवीचा खेळ आणला. दादाने दोन तास धाकट्याला एक वीट विकली नाही. तेव्हापासून तिने ठरवलं की या दोघांना एकमेकांसमोर बसवायचं नाही. तिघांनी एका बाजूने, पटाविरुद्ध खेळायचे खेळच घरी आणायचे.

एका मंगळवारी दुपारी धाकटा दुकानात आला. कामाच्या कपड्यात.

"ताई, एक खेळ काढ. मोठा. तो बारा बैठकांचा आहे ना, डोंगरातून रस्ता न्यायचा?"

"तू? तुला नियमांची दोन पानं झेपत नाहीत."

"काढ तर."

"किती जण?" तिने सवयीने विचारलं.

"तिघं. हरल्यावर रुसणारा एक. आणि एकाकडे वर्ष आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याने स्टुलाला टेकून सगळं सांगितलं. पोटात गाठ, कापण्यासारखी राहिलेली नाही, डॉक्टर म्हणतात वर्षभर, फार तर. तो हे लिफ्टची तार झिजल्याचं सांगावं तसं सांगत होता.

"दादाला सांगायचं नाही. शप्पथ घे."

"का रे?"

"कळलं की तो मला जिंकू देईल. आयुष्यभर त्याने मला एक डाव सोडला नाही, आता सोडायला लागला तर मी आधीच मेलो म्हणून समज."

तिने दहा बैठकांचा दुसरा डबा दाखवला. "हा सोपा आहे, लवकर संपतो."

"सोप्याला दादा बसणार नाही."

"मग महिन्यातून दोनदा बसू."

"त्याला वास येईल. तो मास्तर आहे, बाई. आपल्या वह्या तपासायचा."

तिने हिशेब केला. बारा बैठका, बारा महिने. शिल्लक एकही नाही. तिने शप्पथ घेतली आणि डबा दिला. माझ्या मते हा तिच्या आयुष्यातला एकमेव चुकीचा डबा, पण त्या दिवशी मी असतो तरी दुसरा कुठला दिला असता?

पहिल्या सहा बैठका झकास झाल्या. दादा पटावर खुणा करायला स्वतःचा बोरू आणि शाई घेऊन यायचा आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. धाकटा त्याला "मुख्य अभियंता साहेब" म्हणायचा. दादा चिडायचा, पण चौथ्या बैठकीपासून त्याने स्वतःच सोंगटीवर तसं लिहून आणलं. धाकट्याने कपडे एक माप मोठे घ्यायला सुरुवात केली होती. दादा म्हणाला, "तुला अजून कपडे घेता येत नाहीत."

खेळात एक अडचण अशी होती की एखाद्या बैठकीत रस्ता ठरल्या ठिकाणी पोचला नाही तर पुढचं पाकीट फोडायचं नाही, तीच बैठक पुढच्या वेळी परत खेळायची. आणि सगळ्या डब्यात पुलाचा पत्ता एकच. वापरला की फाडायचा. शेवटी एक खोल दरी येणार हे पटावर दिसतच होतं, म्हणून दादाने तो पत्ता पाचव्या बैठकीपासून आपल्या बशीखाली जपून ठेवला होता.

सातव्या बैठकीत फासे वाईट पडले. एका फुटकळ ओढ्यापाशी रस्ता अडला. दादा म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या महिन्यात परत खेळू. घाई कोणाला आहे?"

धाकट्याने बशी उचलली, पुलाचा पत्ता घेतला, ओढ्यावर ठेवला आणि टर्रकन फाडला.

"झालं. पोचलो. पुढे चला."

दादाने ते दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघितले.

"विचारलं नाहीस."

"तू नाही म्हणाला असतास."

"दरीवर काय टाकणार आहेस? तुझी लिफ्ट?"

"दरीचं दरीला बघू रे दादा."

"कायम हेच. हातात आलं की उधळायचं. तुला कधी थांबताच आलं नाही!"

धाकटा हसला. नेहमीचंच हसू, पण दादाला ते लागलं. त्याने बोरू पुसला, शाईची बाटली बंद केली, सगळं शांतपणे. दारात म्हणाला, "हा येऊन माफी मागेल तेव्हा मी येईन. तोवर तिन्ही खुर्च्या भरत नाहीत, तेव्हा झाकण उघडू नका. नियम माझा नाही, बाबांचा आहे."

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोनच खुर्च्या भरल्या. धाकटा दोन तास बसला, चहा अर्धा टाकून गेला. त्याच्या पुढच्या महिन्यात तो जिना चढताना तीनदा थांबला. लिफ्टवाला माणूस, आणि बहिणीच्या इमारतीला लिफ्ट नाही.

"माफी मागून टाक की," ती म्हणाली.

"मागितली असती गं. पण फोनवर माझा आवाज ऐकला तर तो विचारेल काय झालंय म्हणून. आणि मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, हे तुला माहितीये."

मग ती दादाकडे गेली. तो टेबलापाशी दिव्याखाली काहीतरी रंगवत होता, तिला बघून त्यावर वही ठेवली.

"दादा, तू ये. कारण विचारू नकोस."

"कारण नसताना मी कुठे जात नाही."

"कारण आहे."

"मग सांग."

तिने तोंड उघडलं होतं. हे तिने मला स्वतः सांगितलंय. तोंड उघडलं होतं आणि आतून दुकानातल्या थाटाचं वाक्य बाहेर आलं, "आलास की कळेल." बावीस वर्षांची सवय.

"माफी मागायला सांग त्याला," दादा म्हणाला.

धाकट्याला पुढच्याच आठवड्यात रुग्णालयात हलवलं. डॉक्टर वर्ष म्हणाले होते, हा दहावा महिना होता. खेळताई रोज दुपारी दुकानातून जायची. बुधवारी तो बराच शुद्धीत होता.

"ताई, बाराव्या पाकिटात काय आहे?"

"खेळून कळेल."

"बाई, मी गिऱ्हाईक आहे का?"

"बरा हो, मग उघडू. तुझ्या हातानेच."

"दरी ओलांडतात का ते? तेवढं सांग. पूल नसताना."

तिने त्याच्या पायावरची चादर नीट केली. "सांगितलं तर मजा जाईल," म्हणाली.

त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "काहीतरी जबरदस्त असणार. तू एवढी दाबून ठेवतेस म्हणजे."

गुरुवारी दुपारी तो गेला. दादाला तिने फोनवर दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या, आजारी होता आणि गेला. "तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या पाकिटाच्या आधीपासून."

त्याने फोन ठेवला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चारला, दादा तिच्या दारात उभा. हातात पुठ्ठ्याचा एक लहानसा पत्ता. पूल. दगडी, तीन कमानींचा, मूळ पत्त्यावर होता तसाच. मागची नक्षीसुद्धा रेघन् रेघ उतरवलेली. न फाडलेला मूळ पत्ता शेजारी ठेवला असता तर नवा कुठला ते सांगता आलं नसतं.

"कधी केलास?"

"तू आली होतीस ना, तेव्हा वहीखाली होता. तो माफी मागायला आला की त्याच्यापुढे टाकणार होतो. म्हणणार होतो, घे, उधळ परत." तो आपल्या खुर्चीत बसला. "आण डबा. आठवं पाकीट काढ."

ती उठली नाही. तिसऱ्या खुर्चीकडे बघत राहिली, मग तोही बघायला लागला. त्याने पत्ता झाकणावर ठेवला आणि दोघं सहा वाजेपर्यंत तसेच बसले. आता दर महिन्याला बसतात. डबा टेबलावर असतो, झाकण बंद, वर पूल.

मला मात्र राहवलं नाही. मी त्याच खेळाचा दुसरा डबा दुकानातून नेला आणि घरी गेल्या गेल्या, चप्पलही न काढता, बारावं पाकीट फोडलं. आत एक साधा कागद होता. "अभिनंदन! तुमचा रस्ता पूर्ण झाला. आता खालील तक्त्याप्रमाणे गुण मोजा." खाली तक्ता. बस. दरीसाठी कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ: पूल नसल्यास पाच गुण वजा करून वळसा घाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. माझा चेहराच तिला पुरला.

"फोडलंत ना?"

"हो."

"कसा वाटला शेवट?"

"ठीक आहे की," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका. फुसका आहे. इतका फुसका शेवट त्याला सांगायची मला लाज वाटली." तिने चष्मा पुसला. "मी नुसतं 'वळसा आहे' म्हणाले असते तरी त्याला पुरलं असतं."

मला गप्प बसणं जमत नाही, हा माझा जुना रोग. म्हणालो, "ताई, मी येऊ का रविवारी? तिसऱ्या खुर्चीत बसतो. पाच पाकिटं संपवून टाकू."

तिने माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघते तसं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हाला शेवट माहितीये. चालणार नाही."

"तुम्हालाही माहितीच आहे की."

"हो," ती म्हणाली आणि स्टूल ओढून फळीवरची धूळ झाडायला लागली. त्या फळीवर त्या खेळाचे चार डबे होते, ते तिने एकेक करून मागच्या रांगेत सरकवले.