चुंबक फिरवणारा माणूस

कुंभकोणममधला तो भंगारवाला प्रत्येक वस्तूवर आधी दोरीला बांधलेला चुंबक फिरवायचा आणि वैद्य नाडी बघतो तसा क्षणभर डोळे मिटायचा.

माझे वडील एकेकाळी रॉकेटच्या संगणकांवर काम करत. त्यांनी जपलेली जुनी स्मृतिपट्टी मी घर आवरताना त्याला देऊन टाकली. तिच्यात तांब्याच्या तारांत मोहरीएवढे चुंबकी मणी ओवले होते. "वीज गेली तरी हे मणी विसरत नाहीत," वडील सांगायचे. त्यांच्या शेवटच्या चाचणीचे आकडे तिच्यात तसेच होते.

हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं. तांब्यासाठी तो तारा जाळतो, म्हणून मी धावतच गेलो.

पट्टी त्याच्या मांडीवर शाबूत होती.

"घाबरू नका, सार," तो तमिळमध्ये म्हणाला. "एवढी नाजूक ओवणी कोण जाळेल? बायको देवळापाशी फुलं ओवते, तिला दाखवणार होतो. नुसता चुंबक फिरवला, चारपाच वेळा."

चुंबकी मण्यांत लिहिलेलं चुंबकच पुसतो, हे लक्षात येऊन मी पट्टी झटकन ओढून घेतली. त्याचं हसू मावळलं.

"का सार? आत काही होतं?"

"काही नव्हतं," मी म्हणालो.

पट्टी आता वडिलांच्या फोटोशेजारी आहे. दिवा लावताना मी फोटोकडे बघत नाही.