आवशीच्या माहेराची चौकशी

बापू कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी त्या घरातल्या लग्नाच्या पोराला किंवा पोरीला विचारत, “तुजी आवस खंयची?” म्हणजे आई कुठली. आमच्या धामापूरच्या बाजूला सोयरीक जुळवायची तर बापूंना विचारल्याशिवाय पान हलत नसे. कडक इस्त्रीचं धोतर, हातात छत्री आणि चेहऱ्यावर असा भाव, की सगळ्या तालुक्याचं रक्त ह्यांनी स्वतः गाळून ठेवलंय. मला हा माणूस कधीच आवडला नाही. आता तो गेला म्हणून मी गोड बोलणार नाही.

“वेड आवशीकडसून येता. बापाशीकडसून येता ता फकत आडनाव,” हा त्यांचा सिद्धांत. सातवी पास माणूस हे अशा थाटात सांगायचा, की डॉक्टरांनीही माना डोलवाव्यात. चौकशी करायची ती फक्त मुलाच्या नाहीतर मुलीच्या आजोळाची. बापाचं घर बघायचं ते जमीन आणि आंब्याची कलमं किती एवढ्यापुरतं.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर आईला सहा महिने भास होत होते. औषधाने ती बरी झाली आणि पुढे वीस वर्षं तिने अंगणवाडी चालवली. पण माझं लग्न ठरत आलं, तेव्हा बापू कुणी न बोलावता एसटीने नांदगावला गेले आणि मुलाकडच्यांना सांगून आले, “पोरगी बरी आसा, पण आवशीत कीड आसा.” लग्न मोडलं. परत आल्यावर आमच्याच पडवीत बसून चहा प्यायले आणि म्हणाले, “तुज्या बऱ्यासाठीच केलंय गो.” आईने त्यांच्यासाठी चहात दूध जास्त घातलं होतं. त्याचा राग मला अजून येतो.

मग त्यांचा नातू नितीन आजारी पडला. कॉलेजात हुशार पोर. आठ-आठ दिवस झोपायचा नाही, मालवणात हॉटेल बांधतोय म्हणून सांगत सुटायचा, नंतर महिना महिना अंथरुणातून उठायचा नाही. बाप बोटीवर. बापूंनी निकाल देऊन टाकला: दोष सुनेच्या, शालनवहिनीच्या, माहेरचा. तिच्या भावाला निरोपही धाडला, बहिणीला घेऊन जा. स्वतः पारखून आणलेली सून होती ती!

कणकवलीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर वहिनीला एकटीला धीर होईना, म्हणून मी गेले. बापू पुढच्या खुर्चीत. दोन औषधं देऊन झाली होती, गुण येत नव्हता. बाईंनी विचारलं, “वडिलांच्या बाजूला कुणाला असा त्रास?”

“आमच्या घराण्यात तसला काय एक नाय. आवशीकडे बघा.”

बाई शांतपणे म्हणाल्या, “आजोबा, हे एकाच बाजूने येत नाही. बारीक बारीक पुष्कळ गोष्टी दोन्हीकडून येतात, आणि घरात एकाला असलं तरी बाकीच्या बहुतेकांना काही होत नाही. दोष द्यायला विचारत नाही मी. नात्यात कुणाला कुठलं औषध लागू पडलं ते कळलं, तर ह्याला मदत होईल.”

नातू समोर खाली मान घालून बसलेला, आणि हा माणूस छत्रीची मूठ कुरवाळत होता. किळस आली मला.

तेव्हा वहिनी बोलली. “बापूंच्या धाकट्या भावाला, आपांना, होता. अकरा वर्षं रोज सकाळी मीच गोळी देत होते. लिथियमची. बरे राहिले ते शेवटपर्यंत. कोणी विचारलं तर ब्लडप्रेशरची सांग, असं बापूंनी बजावलं होतं.”

“गप रव गो!”

“नाय रवणार. माझो झील आसा तो,” वहिनी मुलाकडे बघत म्हणाली.

रक्त तपासून बाईंनी तीच गोळी सुरू केली. पावसाळा सरेपर्यंत नितीन पुन्हा पुस्तक हातात धरू लागला. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडताना जिन्यावर बापूंनी माझा हात धरला होता. “गावात सांगा नको हां, बाय.” माझ्या आईचं नांदगावपर्यंत नेऊन पोचवणारा माणूस! मी हात सोडवून घेतला. सांगितलं मात्र नाही कुणाला, नितीनसाठी.

गेल्या वर्षी बापू गेले. बाराव्याला जेवणं झाल्यावर एक पाहुणे म्हणाले, “बापूंनी घराणं कसं स्वच्छ राखलं.” सगळ्यांनी माना हलवल्या. लाज वाटते सांगायला, पण मीही हलवली.

नितीन पंगतीतली पानं उचलत होता. तो तिथूनच म्हणाला, “आपा आजोबांका होता ताच माका आसा. गोळी घेतंय.” मग वाकून त्याने पुढचं पान उचललं.