झाकणाची भोकं

आमच्याकडे पाहुणे आले की चहा उकळायच्या आत सापाचा एखादा किस्सा निघतो, आणि एक निघाला की मागून दुसरा सरपटत येतोच. ऐकणारे हसतात. ते घडताना मी मात्र देव पाण्यात घालून बसायचे. आमचे हे धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत कामाला. जखमी बिनविषारी साप दिसला की घरी आणायचे, बरा करून रानात सोडायचे. माझं देवाला एकच मागणं, आपल्या छपराखाली एकही जीव दगावू नये.

*

काचेची पेटी परवडेना, म्हणून प्लास्टिकचा टब घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "वहिनी, पापड ठेवायला का?"

हे म्हणाले, "धामण ठेवायला."

"न्या. पण बदलून मिळणार नाही."

*

त्या टबावर मी धुतलेलं फडकं सुतळीने बांधलं. सकाळी फडकं जागेवर, धामण गायब. मी पाच सोमवार बोलले. दुपारी ती देव्हाऱ्यामागे वेटोळं घालून सापडली. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, म्हणाल्या, "दर्शनले वनी व्हई."

ती दर्शनाला आली असो की पळून, सोमवार मी पाचही केले. तेव्हापासून टब घट्ट झाकणाचाच, आणि झाकणाला तापल्या सळईने भोकं.

*

यांचे मित्र नानाभाऊजी कुठल्याशा पुस्तकात वाचून साठचा बल्ब घेऊन आले. म्हणे, सापाला ऊब लागते. धुळ्याचा मे महिना!

मी म्हटलं, "भाऊजी, आधी तुम्ही बसून बघा टबात."

बल्ब परत गेला, टबाभोवती ओलं गोणपाट आलं.

*

आणि ती नागपंचमी. जाळ्यात अडकून कापलेली धामण यांनी नव्या टबात ठेवली, झाकण दाबलं, "भोकं पाडून घे" म्हणाले आणि औषधासाठी सायकल काढली.

माझा भावाचा उपास, नागालाच भाऊ मानून धरलेला. त्या दिवशी आमच्या घरात तवा चढत नाही, विळी निघत नाही, सुईसुद्धा कशाला टोचायची नाही. इकडे झाकण आतून वाफेने पांढरं होत चाललं. धामण तोंड वर करून कडा चाचपत होती; झाकण जरा उचललं तर निसटलीच असती. माझ्या हातात थंड सळई, दारात अक्का.

"अक्का, काय करू?"

त्या टबाशी वाकल्या. मग म्हणाल्या, "भाऊना उपास धरस, अन् भाऊलेच कोंडीसन मारस का?"

सळई माझ्या हातून घेऊन त्यांनीच स्टोव्ह पेटवला. धामण नव्हती त्या कोपऱ्यात पहिलं भोक पडलं. अक्कांनी हात जोडले, आणि सळई पुन्हा जाळावर धरली.