डाव्या बाजूचं गाणं

सकाळी दिवाकरच्या नंबरावरून फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो, आणि मी तो उचलला नाही. खरं सांगतो, मुद्दामच उचलला नाही. त्याची एक खोड होती. नवीन गाणं सापडलं की फोन लावायचा, हॅलोसुद्धा म्हणायचा नाही, नुसता फोन स्पीकरजवळ धरायचा, आणि पलीकडून कुठला तरी जपानी बँड धडाधड सुरू व्हायचा. सकाळी सकाळी कोणाला पाहिजे ते! दुसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून उचलला. गाणं नव्हतं. त्याची बायको, आमच्या शोभावहिनी होत्या. "भाऊजी, हे उठूनच नाही राहिले..." एवढंच म्हणाल्या. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी धावलो. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय एक्कावन्न. आज दीड महिना झाला, पण पहिला फोन का उचलला नाही, हे मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही.

दिवाकर आणि मी दोघंही भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे, दोघंही वरठीच्या पोलाद कारखान्यात. तो भट्टीकडे, मी स्टोअरमध्ये. सतरा वर्षं त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी कामावर गेलो. गाडी त्याची, डबे ठेवायची पिशवी माझ्या मांडीवर, आणि एक वायरवाला इअरफोन दोघांत. उजवं टोक त्याच्या कानात, डावं माझ्या. वायर त्याच्या खांद्यावरून मागे यायची. रस्त्यात खड्डा आला की कानातून निसटायचं, मग तो गाडी हळू करून विचारायचा, "लावलं का बे रमेश?" लावलं म्हटल्याशिवाय वेग वाढवायचा नाही.

आता तुम्ही विचाराल, जपानी गाणी काहून? तेच तर मलाही समजत नाही! घरी धानाची शेती, आवड म्हणाल तर रात्रभर रंगणारी दंडार आणि आपली झाडीपट्टीची नाटकं. त्यात हे जपान कुठून घुसलं? मी शंभरदा विचारलं असेल. "कायले पाहिजे तुले कारण? आयकून त पाह्य," एवढंच त्याचं उत्तर. बँडची नावं ना त्याला वाचता यायची ना मला. मग त्यानं फोनमधल्या यादीला नंबर दिले आणि कोणतं गाणं केव्हा, हे ठरवून टाकलं. सात नंबर म्हणजे तीन पोरींचा बँड, दोन मिनिटांत धिंगाणा घालून मोकळा. तो घरून निघताना, झोप उडवायला. बावीस नंबर म्हणजे भट्टीतून लोखंड बाहेर येतं तसा आवाज, गाणारा गातोय की भांडतोय कळत नाही. तो साहेबाशी वाजलं असेल त्या दिवशी. एक होतं शब्दच नसलेलं, गिटार एवढ्या हळू सुरू होते की वाटावं फोन बंद पडला, आणि मग वाढत वाढत नऊ मिनिटांनी अंगावर काटा आणते. ते मालगाडीसाठी फाटक बंद असलं की लावायचं. तोंडाला रंग फासून, केस उभे करून गाणाऱ्यांचाही एक बँड होता; त्यांचा व्हिडिओ बघून तो म्हणाला, "आपल्या नाटकातल्या राक्षसाले यायच्याकडं पाठवलं पाहिजे!"

एका गाण्यावरून तर आमचं वर्षभर जुंपलं होतं. जुनं, आमच्या जन्माच्या आसपासचं असावं. तो म्हणायचा, "काय गाते बे ही बाई!" मी म्हणायचो, "कोणती बाई? इथं नुसता ढोल वाजून राहिला." मी आईची शपथ घ्यायला तयार. तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

रागावरून आठवलं. एकदा भंडाऱ्याच्या बाजारात गर्दीच्या गोंगाटात मी त्याला मागून, डाव्या अंगानं तीन हाका मारल्या, अगदी जवळून. हा सरळ निघून गेला. मोठा शहाणा झाला, असं म्हणत पंधरा दिवस मी फुगून होतो, मागे बसलो तरी बोललो नाही. पंगतीतही याला नेहमी डावीकडच्या टोकाचीच जागा पाहिजे. मला वाटायचं, मानाची हौस आहे.

आणि मग गेल्या दिवाळीला ते सोबत जाणं मीच तोडलं. कारखान्याच्या गेटवर नवीन पोरं आली होती. "पाहा, एका वायरमधले नवरा-बायको आले," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. दिवाकरही हसला. मला मात्र लागलं. मी बॅटरीवरची स्कूटर घेतली, कंबर दुखते म्हणून सांगितलं. कंबर काही दुखत नव्हती. तो म्हणाला, "बरं केलं, कंबरेले जप," आणि दुसऱ्या दिवशी कंबरेला लावायचं तेल आणून दिलं. लाज वाटते आता. शेवटची भेट कारखान्याच्या सायकल स्टँडवर झाली. त्यानं डावं टोक पुढे केलं. "एकच आयक. चारच मिनिटाचं आहे." समोरून तीच पोरं येत होती. मी म्हटलं, "उद्या." त्यानंतर पाचव्या दिवशी तो फोन आला.

तेरवी झाल्यावर वहिनींनी त्याचा फोन, तो इअरफोन आणि एक वही माझ्या हातात दिली. "गाण्यांचं तुमाले समजते," म्हणाल्या. मी म्हटलं, सतरा वर्षं अर्धं-अर्धं ऐकलं वहिनी, काय समजणार. तर त्या सहज म्हणाल्या, "अर्धं त त्यायचं होतं. डाव्या कानानं आयकूच येत नव्हतं ना! लहानपणी तलावात बुड्या मारून मारून कान गेला. तुमाले सांगतलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. मी वही तशीच घेऊन घरी आलो आणि काय सांगू, मला दुःख व्हायच्या आधी राग आला. मेलेल्या माणसाचा राग! म्हणजे डावं टोक त्याच्या कामाचंच नव्हतं. लोंबत राहण्यापेक्षा रमेशच्या कानात कोंबलं. सतरा वर्षं मी समजत होतो की हा आपल्यातलं अर्धं मला देतो, आणि मी काय होतो, खुंटी? बाजारातल्या हाकाही आठवल्या, तो बिचारा ऐकू न आल्यामुळे गेला आणि मी फुगून बसलो, याचंही वाईट वाटलं. दोन्ही एकदम. चीड कोणाची, कीव कोणाची, काही उमगेना. तीन आठवडे वही उघडली नाही. परतच करून टाकू, असं ठरवलं.

परत करायला गेलो तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होत्या. वही, फोन आणि इअरफोन ओट्यावर ठेवले. त्या म्हणाल्या, "वाचली? रोज इथंच बसून लिहीत. मी म्हणे, उलटं घातलं तुमी, डाव्याचं टोक उजव्या कानात घातलं. तर म्हणत, थांब वं, रमेशकडचं आयकून राहिलो."

मी तिथंच पाटावर बसलो आणि वही उघडली. प्रत्येक नंबरापुढं त्याच्या ढोबळ अक्षरात शेरा. "बावीस. डावीकडं जोर आहे, चालन." "एकतीस. डावीकडं काहीच नाही, रमेशले नको." "चाळीस. बाई माझ्याकडं, ढोल त्याच्याकडं. भांडन. मजा येईन." म्हणजे दोन टोकांत वेगवेगळं वाजायचं, आणि माझ्या कानात पडायच्या आधी प्रत्येक गाणं त्यानं माझ्या बाजूनं एकदा ऐकलेलं होतं. आणि दोन कानांत दोन्ही बाजू एकदम त्याला आयुष्यात एकदाही ऐकता आल्या नाहीत. मी ते चाळीस नंबर आता दोन्ही कानांनी ऐकलं. खरंच बाई आहे रे दिवाकर... आणि फार सुंदर गाते. पण मला गर्दी झाल्यासारखं वाटलं, मी एक टोक काढून टाकलं.

वहीतली शेवटची ओळ ही: "एकसष्ट. चार मिनिटं. डावीकडं एकटी गिटार, शेवटपर्यंत. माझ्याकडं नुसती खरखर. रमेशसाठीच."

हेच तो स्टँडवर घेऊन उभा होता. चार मिनिटं तो स्वतः नुसती खरखर ऐकत बसणार होता.

जपानच का, ते मला अजूनही माहीत नाही. आता कोणाला विचारू? कामावर जायच्या आधी मी स्टँडवर स्कूटर लावतो, डावं टोक कानात घालतो आणि एकसष्ट नंबर लावतो. उजवं टोक पुढे हँडलवर ठेवतो. ती पोरं बघतात, हसायचे ते हसोत. आपल्याच स्कूटरवर, पुढची जागा रिकामी सोडून, मी चार मिनिटं मागच्या सीटवर बसून असतो.