नुसता फळांचा रस

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना वाफेची इस्त्री मारणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणायचे. ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिथल्या बायकांचं मत होतं. ते खरं नव्हतं. तिचा राग खोल होता, सहसा वर यायचा नाही. पण एकदा चढला की उतरायचं नाव घ्यायचा नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गुडघे गेले तसं काम सुटलं, आणि रिकाम्या हातांना चाळा हवा म्हणून त्यानं घरीच वाइन करायला घेतली. बाजार उठताना फळवाले डागाळलेली सफरचंदं, मऊ पडलेले पेअर, घडावरून गळलेली द्राक्षं मातीमोल देऊन टाकत. ती फळं पिशव्या भरभरून घरी यायची. न्हाणीघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी, पाण्याचे मोठे प्लास्टिकचे जार उभे असायचे. आत फळांचा लगदा, साखर आणि पावाचं यीस्ट. तोंडावर फुगा, फुग्याला सुईनं पाडलेलं भोक. आत बुडबुडे सुटले की फुगे ताठ उभे राहायचे, आणि नवरा आंघोळीला जाताना त्यांना विचारायचा, "काय मंडळी, बरं आहे ना?"

घरभर आंबूस वास, भांड्यांवर चिलटं. एकदा घाईनं बूच लावलेली बाटली फुटली आणि छतावर लाल नकाशा उमटला. ताई कुरकुरली, पण बसल्या जागी माणूस कुढत नाही ना, मग चालू दे, असं तिला वाटलं. तिनं स्वतः फळं चिरून दिली. एका गारठ्याच्या संध्याकाळी ग्लासभर प्यायलीही, आणि नवऱ्याच्या फुटकळ विनोदांना पोट धरून हसली. हे हसणं तिला पुढे फार टोचलं.

ताईचा धाकटा भाऊ कुलूपवाला. कसलीही चावी घडवायचा, कसलंही दार उघडून द्यायचा. हात सोन्याचे, पण दारूनं त्यांची माती केली. बायको सोडून गेली, गिऱ्हाईकं गेली. आईच्या माघारी ताईनंच त्याला वाढवलेलं. तिनंच त्याला दंडाला धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. भाऊ आता थेंबाला शिवत नव्हता. तो यायचा असला की ताई सगळ्या खिडक्या उघडायची आणि न्हाणीघराला बाहेरून कडी घालायची. नवऱ्यालाही तिनं बजावलं होतं, "त्याच्यासमोर तुमच्या या रसाचं नावसुद्धा काढायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" नवरा म्हणाला होता.

मग एका रविवारी ताई कामावर असताना भाऊ न कळवताच आला. दाराचं लॅच अडकतंय असं ती मागे कधीतरी बोलली होती, ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. संध्याकाळी ती परतली तेव्हा लॅच लोण्यासारखं फिरलं. तिला बरं वाटलं. पाण्यासाठी ग्लास घ्यायला ती मोरीपाशी गेली, तर तिथे दोन ग्लास पालथे.

"हे दोन कुणाचे?"

"मेहुणे आले होते," नवरा खुशीत म्हणाला. "सफरचंदाची नवी बाटली उघडली. एक घोट घेतला आणि म्हणतो, दाजी, हात आहे हं तुम्हाला!"

ताईनं ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"तुम्ही त्याला पाजलीत?"

"पाजली काय? दारू आहे का ती? फळांचा रस गं, जरा आंबलेला. नको नको म्हणत होता बिचारा. मी म्हटलं, अरे, मी काय परका आहे?"

"नको म्हणत होता," ताई म्हणाली. "तो नको म्हणत होता."

"दोन ग्लासांनी काय आभाळ कोसळतं?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती ओरडली नाही. आधी भावाला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिनं कामावरून सुट्टी घेतली आणि त्याचं दुकान गाठलं. शटर अर्धवट ओढलेलं होतं. ती वाकून आत शिरली. भाऊ चाव्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर पडला होता, अंगाखाली ओलं. भोवती ज्या बाटल्या होत्या त्यात फळांचा रस नव्हता. कुणाच्या तरी कपाटाची चावी यंत्रात अर्धीच कापलेली राहिली होती.

"ताई," डोळे न उघडता तो म्हणाला, "दाजींना काही बोलू नकोस. मला नको म्हणता आलं असतं."

"तू गप्प बस," ती म्हणाली. "तुझ्यावर मी नंतर रागावणार आहे."

शेजारच्या रिक्षावाल्याच्या मदतीनं तिनं त्याला उचललं, केंद्रात पोचवलं, आणि घरी आली ती थेट न्हाणीघरात. पहिला जार तिनं आडवा केला. मग दुसरा. लगदा न्हाणीच्या जाळीत अडकला, तो तिनं हातानं ओरबाडून काढला. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"अगं, तो पेअरचा आहे! अजून निवळायचाय तो!"

ती सावकाश वळली.

"माझा भाऊ मुतात लोळतोय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला पेअरचं पडलंय?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा शेजारी वासाच्या मागावर जिना चढून आला. "वहिनी, वाया कशाला घालवता? आम्हाला सांगायचं, आम्ही नेली असती."

"भावजी, अजून एक शब्द बोललात तर उरलेला जार तुमच्या डोक्यावर ओतीन."

शेजारी आला त्या पावली गेला. ताईनं शेवटचा जार उपडा केला. मग नवरा हळूच म्हणाला, "मला वाटलं, घरातल्या घरात... आपल्या माणसाबरोबर..."

"तुम्हाला कुणीतरी वा म्हणणारं हवं होतं. माझा भाऊ नको म्हणत होता आणि तुम्हाला वाहवा हवी होती."

नवऱ्यानं रिकामे जार एकेक करून भिंतीशी लावले.

केंद्रात घरच्या एका माणसानं रोज संध्याकाळी बसायचं, असा नियम होता. ताईची तेव्हा कामाची पाळी असायची. "तुम्ही जायचं," तिनं नवऱ्याला सांगितलं. गुडघ्यांचं कारण त्याच्या ओठांवर आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते गिळलं. रोज दोन बस बदलून तो गेला. लोखंडी खुर्च्यांच्या गोलात बसून त्यानं परक्या बायकांचं, बापांचं, लेकींचं ऐकलं. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, मुलाला सणाला एकच पेला मीच दिला होता, त्याचा हट्ट नव्हता, माझा होता. त्या दिवशी नवरा घरी येऊन जेवला नाही. ताईनं विचारलंही नाही. तिच्या मनात दया आली नाही असं नाही. आली, पण तिनं ती दारातूनच परत पाठवली.

भाऊ बरा झाला, म्हणजे असे लोक होतात तितका. हात थरथरायचे, बारीक चाव्या जमायच्या नाहीत. मोठ्या कुलपांची कामं तो घेऊ लागला. नवऱ्यानं जार भंगारवाल्याला देऊन टाकले. मध्ये एकदा तो म्हणाला, "नुसतं आल्याचं पाणी करू का? फसफसतं, पण त्यात नशा नसते." ताईनं चमचा खाली ठेवून त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही.

एका सुट्टीच्या दुपारी भाऊ जेवायला आला. नवरा ताटं मांडत होता, कुणाशी नजर न मिळवता. भावानं हळूच बहिणीला विचारलं, "अजून रागावलेली आहेस?"

"हो."

"दाजींवर, की माझ्यावर?"

"दोघांवर. पण एका वेळी एकावर. आज त्यांची पाळी आहे. तू जेव."