लोको : उमेद नाही

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर एक काळा फळा होता. तो मुळात सुविचार लिहायला लावलेला. पण बुकिंग ऑफिसातल्या एका बाबूंनी त्याचा ताबा घेतला आणि सुविचार कायमचे बंद पडले. दर हिवाळ्यात इन्स्टिट्यूटच्या मैदानावर बास्केटबॉलचे साखळी सामने व्हायचे. कोणता संघ किती जिंकला आणि शेवटच्या चारांत कोण जाणार, हे बाबू त्या फळ्यावर मांडायचे. ते निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यांच्या भाकिताला चारच शब्द पुरायचे : उमेद पक्की, उमेद आहे, उमेद कमी, उमेद नाही. सोमवारी सकाळी गाडी चुकली तरी चालेल, पण फळा चुकवायचा नाही, अशी आमच्याकडे रीत पडली होती.

मी तेव्हा लोकोशेडात बदली फायरमन होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा हिवाळा. बदली म्हणजे साहेबांची मर्जी असेतो काम; नको म्हटलं की पेटी उचलून घरी. घर ताडकळसला. तिथं आई दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. दर बाजाराच्या दिवशी ती पूर्ण्याहून आलेल्या कुणालाही गाठून विचारायची, "माझं लेकरू परमनंट झालं का हो?" परभणीच्या वसतिगृहात शिकत असताना ड्रिल मास्तरांनी माझी उंची बघून मला बास्केटबॉलच्या मैदानावर उभं केलं होतं. आमच्या सात पिढ्यांत हा खेळ कुणी पाहिला नव्हता, आणि आता त्याच्यावरच माझी भाकरी ठरणार होती. कारण शेडात बोललं जात होतं, की शेवटच्या चारांचे सामने बघायला सिकंदराबादहून खेळांचे साहेब येणार आणि चांगला खेळणाऱ्या बदलीवाल्याला कायम करणार. शेवटच्या चारांत गेलो नाही, तर साहेबांना मी दिसणारच नव्हतो.

संघ सहा. आम्ही लोको, मग ट्रॅफिक म्हणजे स्टेशनवरची मंडळी, परभणीचे पोलीस, परभणीच्याच कॉलेजची मुलं, गंगाखेड आणि नांदेड. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. मैदानावर इंजिनांची राख दाबून बसवलेली, बास्केटचे खांब जुन्या रुळांचे आणि रिंग शेडातल्या लोहारानं वाकवलेली. ती डावीकडं जराशी उतरती होती. लोहार म्हणायचा, "चेंडू जातोय ना आत? मंग झालं."

पाच सामने झाले, निम्मी साखळी संपली. आम्ही दोन जिंकलो होतो, तीन हरलो होतो. त्या सोमवारी बाबूंनी पुढच्या निम्म्याचा पूर्ण अंदाज लिहिला. त्यांची पद्धत जगावेगळी होती. कोण किती उंच उडी मारतो, कुणाचा नेम कसा, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते पंचांग बघितल्यासारखं कामाचं वेळापत्रक बघायचे. पोलीस : उमेद पक्की, कारण पुढच्या दोन महिन्यांत मोठी जत्रा नाही, बंदोबस्त नाही. ट्रॅफिक : उमेद आहे, आठ तासांची पाळी, माणूस जागेवर सापडतो. गंगाखेड : उमेद कमी, उसाचा हंगाम, निम्मा संघ फडात. कॉलेज : उमेद कमी, परीक्षा जवळ. नांदेड : उमेद आहे, जोवर त्यांच्या उंच गड्याला ताप येत नाही तोवर.

आणि सगळ्यात खाली : लोको : उमेद नाही.

त्याच्याखाली बारीक अक्षरात कारणंही होती. आम्हाला अजून तीन सामने जिंकणं भाग होतं. जिंकण्याजोगे तीनच होते : कॉलेज, गंगाखेड आणि ट्रॅफिक. त्यातल्या दोन रविवारी लोकोचा सेंटर, म्हणजे मी, मनमाड पॅसेंजरवर, आणि तिसऱ्या रविवारी आमचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढं आणणारा गडी, तोही फायरमनच, त्याच गाडीवर. शेडबाबूच्या भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता या माणसानं जाऊन उतरवून आणला होता.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा स्वभाव तेव्हा इंजिनाच्या भट्टीसारखा होता, कोळसा टाकायचा अवकाश. मी तिथल्या तिथं बाहीनं तो फळा पुसून टाकला. खाली उभं राहून चहा पिणारे चारपाचजण हसले. बाबू खिडकीत सुपारी कातरत बसले होते, ते कातरतच राहिले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच सगळं परत. मी थुंकी लावून पुसायला गेलो तर निघेना. मैदानाच्या रेषा मारायला आणलेल्या चुन्यात डिंक कालवून त्यांनी ते लिहिलं होतं. अक्षरं आता हातभर मोठी, आणि आमच्या ड्युटीच्या तीन तारखा तर दारावरच्या पाटीसारख्या ठळक.

मी खिडकीशी जाऊन भांडलो. "बाबूजी, उमेद न्हाई म्हणजे काय? तुमाला कुणी इचारलं?"

ते म्हणाले, "कुणी नाही विचारलं. हिशेबात चूक असली तर दाखव."

चूक दाखवता आली असती तर मी चुना कशाला खरवडला असता?

आता आणखी एका माणसाबद्दल सांगायला हवं. आमच्या शेडात एक पहिले फायरमन होते, पन्नाशी उलटलेले, गुडघे गेलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. इंजिनावर ड्रायव्हर, पहिला फायरमन आणि दुसरा फायरमन अशी उतरंड. दुसऱ्यानं कोळसा फोडायचा, पुढं ओढायचा, राख काढायची. पहिल्यानं भट्टी सांभाळायची. शिवाय एक रिवाज होता. गाडीवर जाणाऱ्या प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी असते, तिला लाइन बॉक्स म्हणतात. त्यात कपडे, कंदील, पीठ, मीठ, तवा, सगळा संसार. वडीलधाऱ्यांचा बॉक्स इंजिनापर्यंत नवख्यानं उचलून न्यायचा.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी मामांचा बॉक्स उचलायला वाकलो होतो. त्यांनी माझ्या हाताआधी आपला हात घातला आणि म्हणाले, "राहू दे." एवढंच. पण 'राहू दे' हा शब्द मला नवा नव्हता. गावातल्या आडावर, हॉटेलात कपाला हात लावताना, लग्नाच्या पंगतीत मी तो ऐकत आलो होतो. आम्ही छप्पन्नला बौद्ध झालो, पण गावानं ते 'राहू दे' काही सोडलं नव्हतं. बॉक्समध्ये पीठ असतं, तवा असतो. मी समजायचं ते समजलो आणि त्या दिवसापासून मामांशी कामापुरतं बोलायला लागलो. ते आमच्या खेळाला टोपलीचा खेळ म्हणून चिडवायचे. तेही मी मनात धरून ठेवलं होतं.

चुन्याचा फळा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी मामा इन्स्टिट्यूटवरून चालले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. एवढी मोठी अक्षरं बघून ते थांबले आणि चहावाल्याला म्हणाले, "काय लिवलंय रे ते?" त्यानं वाचून दाखवलं. मी बाकावर बसून चहा पीत होतो, माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे पोरं खेळात कच्चे न्हाईत?" मामा म्हणाले. "गाडीवर जायलेत म्हणून हरायलेत?"

"तसंच लिवलंय."

"मंग त्याला काय लागतंय? गाडीला काय, कुणी बी कोळसा टाकला तरी ती पळतीच." आणि ते गुडघ्यावर हात ठेवत ठेवत निघून गेले. बोलायला काय लागतंय, असं मीही मनात म्हणालो.

कॉलेजशी सामना होता त्या रविवारी सकाळी मी माझा बॉक्स घेऊन शेडात गेलो. मन मारून भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या. इंजिन राखेच्या खड्ड्यावर उभं होतं. मी वर चढलो, तर माझ्या बॉक्सच्या जागी एक हिरवा बॉक्स आधीच ठेवलेला. कोपऱ्याला डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. तो बॉक्स सगळ्या शेडाला माहीत होता. मागं टेंडरवर, म्हणजे कोळशाच्या डब्यावर, मामा हातोडीनं कोळसा फोडत होते. पहिला फायरमन, माझ्या म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर.

"मामा, हे काय?"

"शेडबाबूपाशी बदलीच्या कागदावर अंगठा दिलाय. आज तू न्हाईस, मी हाय."

"पण तुमी पहिले फायरमन..."

"कोळशाला काय कळतंय पहिला अन् दुसरा? जा लवकर, तुझी टोपली कुणी उचलून नेईल. अन् हे बघ, मी मनमाडाहून आलो की जितलो म्हणून सांगायचं. हरला तर माझ्यासमोर येऊ नको."

आभार मानायची आमच्याकडं रीत नाही, आणि मला तर त्या माणसाचा रागच धरायची सवय होती. मी माझा बॉक्स उचलून खाली उतरलो.

कॉलेजवाल्यांना आम्ही हरवलं. नांदेडच्या उंच गड्याला काही ताप आला नाही, त्यानं आम्हाला धुऊन काढलं. पोलिसांनीही धुतलं. गंगाखेडच्या रविवारी परत मामाच माझ्या जागेवर गेले, आणि तोही सामना आम्ही घेतला. उरला शेवटचा, ट्रॅफिकशी. त्या दिवशी ड्युटी आमच्या गार्डची होती. मामा दोनदा गेल्यावर शेडात कुणाला नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. एक दुसरे फायरमन आपण होऊन गेले. घरी लेक माहेरपणाला आलेली असताना गेले, हे मला पुढं कळलं.

ट्रॅफिकच्या सामन्याला निम्मं शेड मैदानाभोवती होतं. मामाही होते, सायकल आडवी टाकून तिच्या कॅरिअरवर बसलेले. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू कुठल्याही टोपलीत गेला तरी ते टाळ्या वाजवायचे आणि शेजारचे त्यांचा हात धरायचे. शेवटचं मिनिट, दोन्हीकडं सारखे गुण, आणि मला दोन फ्री थ्रो. पहिला मारला तो रिंगेवर आपटून बाहेर. मग मला लोहार आठवला. रिंग डावीकडं उतरती आहे हे रोज बघून मी विसरलो होतो. दुसरा जरा उजवीकडून टाकला. तो आत गेला की नाही हे मला आधी मैदानाच्या ओरडण्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबू काजळीचा डबा घेऊन फळ्यापाशी उभे होते. चुना निघत नव्हता, म्हणून त्यांनी शेवटच्या शब्दावर काजळी फासली. राहिलं ते एवढंच : लोको : उमेद. पुढचा पावसाळा येईपर्यंत ते तसंच होतं. मी त्यांना विचारलं, "तुमाला माहीत होतं का, शेडवाले बदली करतील म्हणून?" ते सुपारी कातरत म्हणाले, "मी फक्त अडचण मोठ्या अक्षरात लिहिली. बारीक लिहिली होती ती तूच पुसलीस." यातून काय समजायचं ते आजही मला नक्की ठरवता येत नाही. पण मी त्यांचा ऋणी आहे, हे नक्की.

शेवटच्या चारांत पोलिसांनी आमचा धुव्वा उडवला. साहेब मात्र आले होते. त्यांनी मला बोलावून उंची विचारली, शिक्षण विचारलं, भट्टीवर किती दिवस आहेस ते विचारलं. होळी झाल्यावर कागद आला. शेडबाबूनं तो दोनदा वाचून दाखवला. मी तो घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. संध्याकाळच्या बसनं ताडकळसला जायचं ठरवलं, आणि त्याआधी मामांना सांगायला निघालो.

ते नुकतेच गाडीवरून उतरले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "झालं का परमनंट? बरं झालं. आईला सांगितलं का?" मग त्यांनी स्वतःच्या बॉक्सकडं बोट केलं. "उचल की मंग. माझं गुडघं गेलेत."

मी तो हिरवा बॉक्स उचलला. चांगलाच जड होता. त्यांच्या चाळीपर्यंत पाव कोसाची वाट. ते पुढं लंगडत आणि मी मागं. त्या पहिल्या 'राहू दे'चं काय, असं विचारायचं चारपाचदा ओठावर आलं. खरंच मी समजलो तेच होतं, की कुणावर ओझं घालायचा त्यांचा स्वभावच नव्हता? विचारलं नाही. दोन रविवार माझ्या जागेवर बसून कोळसा फोडणाऱ्या माणसाला असला जाब विचारण्याइतका कोरडा मी उरलो नव्हतो.

घर आलं. मामा आत गेले. मी सवयीनं बॉक्स बाहेर ओट्यावर ठेवला आणि मागं सरलो. आतून त्यांचा आवाज आला, "अरे तिथं कामून ठिवला? आत आण. चुलीपाशी ठिव, त्याची जागा तीच हाय."

मामींनी चुलीजवळची भांडी सरकवून जागा केली. मी वहाणा काढल्या, बॉक्स परत उचलला आणि आत गेलो.