पाठीवरचं अक्षर

मी बालवाडीत नापास झालेला माणूस आहे. वय बाहत्तर.

आज आमच्या हिला जाऊन वर्ष झालं.

सुलभा बिबवेवाडीत आमच्याच हॉलमध्ये बालवाडी चालवायची. चांगली पंचवीस-तीस वर्षं. दारात इवल्या चपलांचा ढीग, मला पाय ठेवायला जागा नाही. सुट्टीच्या दिवशी मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसायचो आणि आवाज वाढला की दार लोटून घ्यायचो. तिच्या शाळेला माझा हातभार एवढाच.

एखाद्या मुलाला अक्षर जमेना, की ती पाटी बाजूला ठेवायची. त्याला पाठमोरं बसवायची आणि पाठीवर बोटाने अक्षर काढायची.

ओळखलं तर टाळी. नाही ओळखलं तर पाठीवर दोन थापट्या. म्हणजे असू दे, उद्या बघू.

मला हा टाइमपास वाटायचा.

"अहो, डोळ्यांना नाही कळलं तरी पाठीला कळतं," ती म्हणायची.

"मग परीक्षाही पाठीनेच देऊ देत," मी म्हणायचो. पुणेकर माणूस, दुसरं काय बोलणार!

मग तिला स्ट्रोक आला. चालणं परत आलं, बोलणं गेलं. अक्षरंही गेली. निम्म्या गल्लीला लिहायला शिकवलेली बाई पाटीकडे नुसती बघत राहायची.

थेरपिस्ट म्हणाली, "काका, घरी अक्षरांची प्रॅक्टिस घ्या. लिहिता आलं तर मनातलं सांगता तरी येईल त्यांना."

मला तेवढंच हवं होतं. घरात माणसं दोन आणि आवाज एकट्याचा, हे सहन होत नव्हतं.

पाटी आणली. अ काढला. म्हटलं, गिरव.

जमेना. पुन्हा काढला. पुन्हा जमेना. चौथ्या दिवशी मी ओरडलो. तिने पाटी ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

नेमक्या तेव्हाच तिच्या बालवाडीतल्या मदतनीस, शांताबाई, तिला भेटायला आल्या होत्या.

"काका, अ पासनं कोन सुरू करतं? लई वळणं हायती त्यात. बाई ग पासनं घ्यायच्या. आन् आधी पाठीवर. इतकी वर्सं घरात ऱ्हाऊन तुमी बघितलं न्हाय व्हय?"

नव्हतं बघितलं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तिच्या पाठीवर ग काढला. अगदी हळू. परत एकदा. परत एकदा.

तिने हात लांब करून पाटी ओढली आणि काढला. वाकडातिकडा, पण ग.

मी टाळी वाजवली आणि रडलो. लपवत नाही.

मग म. मग भ. एकेका अक्षराला महिना जायचा. जाऊ दे की, मला कुठे जायचं होतं?

गेल्या वर्षी एका दुपारी तिने खुणेनं मला पाठ फिरवायला लावली. आणि माझ्या पाठीवर बोटाने काहीतरी काढलं.

"ग?"

तिने पुन्हा काढलं.

"म?"

पुन्हा काढलं. आता जरा दाबून.

"अगं, नाही कळत मला."

पाठीवर दोन थापट्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला परत स्ट्रोक आला. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

वर्षभर मी अ पासून ज्ञ पर्यंत सगळं आठवून पाहिलं. सुरुवातीला वळण होतं की उभी रेघ, तेही आता नक्की सांगता येत नाही. पाटीवर हवं ते अक्षर काढून बघता येतं. स्वतःच्या पाठीवर नाही काढता येत. त्याला दुसरं माणूस लागतं.

मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "बाबा, काहीतरी लिहीत जा, बरं वाटेल." म्हणून लिहिलं. बरं वगैरे काही वाटलेलं नाही.

दारात आता चपलांचा एकच जोड असतो.

सुलभा, वर्षाची श्रद्धांजली घे. तुझा हा विद्यार्थी अजून पाठ फिरवून बसलाय.